राष्ट्राध्यक्ष बदलला की फाईल उघडते का? अमेरिकेतल्या माहिती अधिकाराबद्दल

प्रश्न विचारणाऱ्या ताई नाशिकच्या आहेत आणि शोधपत्रकारिता शिकत आहेत. महाराष्ट्र-गोव्यातल्या औषध कारखान्यांची अमेरिकेची एफडीए जी तपासणी करते, तिचे अहवाल त्यांना मागवायचे आहेत. त्यांचा प्रश्न असा: "अमेरिकेतला माहिती अधिकाराचा कायदा इतका जुना, कलमं तीच, मुदत तीच. मग राष्ट्राध्यक्ष बदलल्यावर कागद मिळण्यात खरंच फरक पडतो, की हा नुसता वर्तमानपत्री गाजावाजा? आणि मी भारतातून अर्ज केला तर चालेल का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे जीव भांड्यात पडेल. चालेल. आपला आरटीआय फक्त भारतीय नागरिकांसाठी आहे. अमेरिकेतला कायदा (फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन ॲक्ट), ज्याला आम्ही सगळे फोया म्हणतो, 'कोणत्याही व्यक्ती'साठी आहे. नाशिकहून ऑनलाइन अर्ज टाका, तो न्यू जर्सीतून टाकलेल्या माझ्या अर्जाइतकाच वैध.

आता पहिला प्रश्न. मी २००३ पासून हेच काम करते. सुरुवात इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात झाली, नंतर पत्रकार आणि अभ्यासकांसाठी अर्ज करू लागले. पाच कारकिर्दी टेबलाच्या या बाजूने पाहिल्या. फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. पण तो कायद्याच्या पुस्तकात शोधायला गेलात तर हाती लागणार नाही. तो असतो परिपत्रकांत, माणसांच्या नेमणुकांत, आणि मुळात कागद तयार होतो की नाही यात.

थोडा इतिहास लागेल. हा कायदा राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीने आलेलाच नाही. कॅलिफोर्नियाचे खासदार जॉन मॉस १९५५ पासून त्याच्या मागे लागले होते. लिंडन जॉन्सन यांनी ४ जुलै १९६६ ला टेक्सासमधल्या आपल्या रँचवर सही केली, तीही कुठलाही समारंभ न करता. पहिली काही वर्षं कायद्याला दात नव्हते. 'गोपनीय' असा शिक्का एकदा मारला की न्यायाधीशानेही आत डोकावायचं नाही, असा अर्थ सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्ये लावला. मग वॉटरगेट प्रकरण झालं, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पद सोडावं लागलं, आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा दुरुस्त करून न्यायाधीशांना कागद स्वतः वाचण्याचा अधिकार दिला. निक्सन यांच्या जागी आलेल्या जेराल्ड फोर्ड यांनी ऑक्टोबर १९७४ मध्ये त्यावर नकाराधिकार वापरला. निक्सनच्या लपवाछपवीनंतर मोकळ्या कारभाराचं वचन देऊन आलेला हा माणूस! नोव्हेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने ३७१ विरुद्ध ३१ आणि सिनेटने ६५ विरुद्ध २७ मतांनी तो नकार मोडून काढला. आज इथे जे काही मिळतं ते या दुरुस्तीमुळे. जॉन्सन डेमोक्रॅट होते, फोर्ड रिपब्लिकन. अमुक पक्षाचं सरकार आलं की माहितीची दारं आपोआप उघडतात हा समज यावरूनच सोडून द्यावा.

आता मधल्या परिपत्रकांकडे येते, कारण खरी गंमत इथे आहे. कायद्यात नऊ अपवाद आहेत: राष्ट्रीय सुरक्षा, व्यापारी गुपितं, खासगीपणा, पोलीस तपास वगैरे. यातल्या कित्येक अपवादांत खातं कागद 'रोखू शकतं', 'रोखलंच पाहिजे' असं नाही. अर्ज नाकारला आणि अर्जदार कोर्टात गेला, तर खात्याची बाजू न्याय खातं मांडतं. म्हणून नवा ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचा प्रमुख, सगळ्या खात्यांना पत्र लिहून कळवतो की कोणत्या परिस्थितीत आम्ही तुमच्या नकाराचा बचाव करू. पत्र दोन-तीन पानांचंच असतं, पण शिक्का हातात धरून बसलेला अधिकारी वाऱ्याची दिशा त्यावरूनच ओळखतो.

कार्टर यांच्या काळात १९७७ मध्ये सूचना होती की दाखवता येईल असं नुकसान होणार असेल तरच रोखा. रेगन आले आणि १९८१ मध्ये ती फिरली: नकाराला पुरेसा कायदेशीर आधार असला की आम्ही पाठीशी आहोत. क्लिंटन यांच्या ॲटर्नी जनरल जॅनेट रेनो यांनी ऑक्टोबर १९९३ मध्ये पुन्हा नुकसानीची अट आणली. जॉन ॲशक्रॉफ्ट यांनी १२ ऑक्टोबर २००१ ला ती काढली. एरिक होल्डर यांनी १९ मार्च २००९ ला परत बसवली. त्यासाठी कायद्याची ओळही न बदलता नियम तीस वर्षं असा इकडून तिकडे जात राहिला.

टेबलावर याचा अर्थ काय, ते माझ्याच एका अर्जावरून सांगते. २००४ मध्ये एका खात्याकडे (नाव सांगत नाही) एका जुन्या निर्णयाची फाईल मागितली होती. चौदा महिन्यांनी नऊ पानं आली, त्यातली चार पूर्ण काळी. समासात फक्त 'बी-५' असा शिक्का, म्हणजे पाचवा अपवाद: निर्णयाआधीची अंतर्गत चर्चा. २०१० मध्ये तोच अर्ज नव्याने केला आणि तीच चार पानं उघडी आली. आत काय असावं? तीन पर्याय, प्रत्येकाचा अंदाजे खर्च, आणि शेवटी एका उपसंचालकाचं मत की निवडलेला पर्याय महाग पडेल. देशाला धोका होईल असं एक अक्षर नव्हतं. २००४ च्या अधिकाऱ्याने कायदा मोडला का? नाही. त्याला रोखता येत होतं, म्हणून त्याने रोखलं. २०१० मधल्या अधिकाऱ्यालाही तोच अपवाद वापरता आला असता, पण त्याच्या वरिष्ठांनी विचारलं असतं की नेमकं नुकसान काय होणार आहे? ज्या माणसासाठी मी ती फाईल मागितली होती, तो त्या सहा वर्षांत वारला. त्या चार पानांची आठवण झाली की मला अजून राग येतो.

या पाचव्या अपवादाबद्दल आरटीआय करणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. आपल्याकडे फाईलवरचे शेरे, म्हणजे नोटिंग, मागता येतात. कोणत्या बाबूने काय टिपण लिहिलं, कुणी 'चर्चा करावी' म्हणून फाईल परत पाठवली, हे सगळं नागरिकाला दिसतं. २००६ मध्ये केंद्र सरकारने ते वगळायचा घाट घातला तेव्हा अण्णा हजारे आळंदीला उपोषणाला बसले आणि बेत मागे पडला. अमेरिकेत नेमके हेच शेरे पाचव्या अपवादाखाली झाकले जातात. शेऱ्यांपुरता आपला कायदा साठ वर्षं जुन्या अमेरिकी कायद्याच्या पुढे आहे, आणि ही गोष्ट आपल्या लोकांना फारशी माहीत नाही याचं मला वाईट वाटतं.

ओबामांबद्दल वेगळं लिहावं लागेल. शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी, २१ जानेवारी २००९ ला, त्यांनी आदेश काढला की शंका असेल तेव्हा कल उघडेपणाकडे असावा. तो वाचून आमच्या ऑफिसात पेढे वाटायचे बाकी होतं. व्हाइट हाउसमध्ये कोण भेटायला येतं याच्या नोंदी प्रसिद्ध होऊ लागल्या, पुढे जवळपास ६० लाख. मात्र त्यामागेही एका संस्थेने लावलेला खटला होता. पण त्याच सरकारने पत्रकारांना माहिती पुरवणाऱ्यांवर हेरगिरीच्या कायद्याखाली त्याआधीच्या सगळ्या राष्ट्राध्यक्षांनी मिळून केल्या नव्हत्या इतक्या केसेस केल्या. मार्च २०१५ मध्ये व्हाइट हाउसचं प्रशासकीय कार्यालय फोयाच्या नियमांतून औपचारिकपणे वगळलं तेही याच सरकारने. वरून आलेला आदेश खालच्या टेबलापर्यंत पोचेस्तोवर त्याचं पाणी होतं, हे मी त्या आठ वर्षांत शिकले. तरी जाताना एक टिकाऊ गोष्ट झाली. ३० जून २०१६ ला ओबामांनी सही केलेल्या दुरुस्तीने नुकसानीची अट परिपत्रकातून उचलून कायद्यातच घातली. आता नवा ॲटर्नी जनरल ती नुसत्या पत्राने काढू शकत नाही. शिवाय अंतर्गत चर्चेचा आडोसा २५ वर्षांनी संपतो. नकाराविरुद्ध अपील लिहिताना मी रोज वापरते ती हीच दुरुस्ती.

खुद्द व्हाइट हाउसचं काय? आपल्याकडे पंतप्रधान कार्यालय आणि राष्ट्रपती भवन दोन्हीकडे आरटीआय टाकता येतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचा जवळचा सल्लागारवर्ग फोयाच्या कक्षेबाहेर आहे. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने निक्सन यांचे सल्लागार हेन्री किसिंजर यांच्या टेलिफोन-नोंदींच्या खटल्यात ते स्पष्ट केलं. या कागदांसाठी १९७८ चा वेगळा कायदा आहे. त्याआधी मावळता राष्ट्राध्यक्ष आपले कागद घरच्या सामानासारखे घेऊन जात असे. निक्सन यांनीही तेच करायचं ठरवलं होतं, पण १९७४ मध्ये काँग्रेसने खास कायदा करून त्यांच्या ध्वनिफिती आणि कागद ताब्यात घेतले. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी निक्सन आणि किसिंजर बंद दाराआड इंदिरा गांधींबद्दल कोणत्या भाषेत बोलत होते, हे २००५ मध्ये आपल्याला वाचता आलं, ते त्या फिती जप्त झाल्या म्हणून.

१९७८ चा कायदा सांगतो की हे कागद जनतेच्या मालकीचे आहेत. कारकीर्द संपल्यावर पाच वर्षांनी ते मागता येतात. काही प्रकार बारा वर्षांपर्यंत रोखता येतात. कायदा पहिल्यांदा लागू झाला रेगनना. त्यांची बारा वर्षं जानेवारी २००१ मध्ये भरली आणि सुमारे ६८,००० पानं खुली व्हायची होती. सत्तेवर नुकतेच आलेले धाकटे बुश, आणि रेगन यांचे उपराष्ट्राध्यक्ष होते त्यांचे वडील. पानं आधी लांबली, आणि १ नोव्हेंबर २००१ ला आदेश निघाला: माजी राष्ट्राध्यक्षच काय, त्यांचे वारसही कागद अडवू शकतील. ओबामांनी पहिल्याच दिवसांत तो रद्द केला. एक सही अडवते आणि दुसरी सोडवते, हे इतक्या ठळकपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. मधली सात-आठ वर्षं अभ्यासकांची गेली ती गेलीच.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती नकाराची नाही. नकाराविरुद्ध अपील आहे, कोर्ट आहे. जो कागद तयारच झाला नाही किंवा पुसला गेला, त्याच्यासाठी कुठे जाणार? १९ जानेवारी १९८९, रेगन यांचा शेवटचा पूर्ण दिवस. व्हाइट हाउसच्या संगणकांवरचे ईमेल पुसायची तयारी झाली होती, त्यात इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या इराण-काँट्रा प्रकरणाचेही. वॉशिंग्टनमधल्या नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह या संस्थेने त्याच दिवशी कोर्टात धाव घेतली आणि संध्याकाळी मनाई मिळवली. खटला रेगन, थोरले बुश आणि क्लिंटन अशा तिघांच्या काळात चालला, आणि ईमेल हासुद्धा सरकारी दस्तऐवज आहे हे १९९३ मध्ये अपील कोर्टाने मान्य केलं. त्या दिवशी कुणी चार तास उशीर केला असता तर? धाकट्या बुश यांच्या काळात व्हाइट हाउसचे ईमेल 'हरवले'. २००९ मध्ये २ कोटी २० लाख सापडल्याचं जाहीर झालं. हिलरी क्लिंटन यांनी परराष्ट्रमंत्री असताना खासगी सर्व्हर वापरला. ट्रम्प पहिल्या कारकिर्दीत कागद फाडायचे आणि अभिलेख विभागातले लोक ते चिकटपट्टीने जोडत बसायचे. जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या फ्लोरिडातल्या घरून १५ खोकी परत आणावी लागली. मार्च २०२५ मध्ये मंत्री आणि अधिकारी येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा सिग्नल ॲपवर करत होते आणि संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय चालू होती, हे बाहेर आलं कारण त्या गटात चुकून एक संपादक घेतला गेला.

आता सध्याच्या काळाबद्दल, कारण ताईंचा अर्ज याच काळात जाणार आहे. ट्रम्प यांनी २३ जानेवारी २०२५ ला केनेडी बंधू आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्यांच्या फाइली खुल्या करण्याचा आदेश दिला. १८ मार्चला राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येची हजारो पानं आली, इतक्या घाईत की काही हयात लोकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांकही उघडे पडले. ती पानं उपयोगी आहेत, ते मी नाकारत नाही. पण राष्ट्राध्यक्ष स्वतः निवडून दाखवतो ते वेगळं आणि तुम्ही हक्काने मागता ते वेगळं. त्याच वर्षी फेब्रुवारीत राष्ट्रीय अभिलेखागाराच्या प्रमुख कॉलीन शोगन यांना पदावरून काढलं. एप्रिलमध्ये आरोग्य खात्यातल्या कपातीत सीडीसीचं (रोगनियंत्रण केंद्राचं) फोया कार्यालयच गेलं, आणि एफडीएच्या याच कामातल्या लोकांवरही कुऱ्हाड आली. सरकारी कपात करणाऱ्या 'डोज'ला फोया लागू नाही, ते राष्ट्राध्यक्षांच्या कागदांत मोडतं, अशी भूमिका सरकारने घेतली. ते भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं.

माणसं काढणं हा कागद रोखण्याचा सगळ्यात शांत मार्ग आहे. त्यासाठी आदेश लागत नाही, नकाराचं कारण लिहावं लागत नाही. कायद्यात २० कामकाजी दिवसांची मुदत आहे, पण आपल्याकडे माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये स्वतःच्या खिशातून भरावे लागतात, तसा दंड इथे नाही. २०२४ च्या आर्थिक वर्षात संघीय सरकारकडे सुमारे १५ लाख अर्ज आले आणि अडीच लाखांहून जास्त मुदतीनंतरही पडून होते. आलेल्या अर्जांतले निम्म्याहून जास्त एकट्या होमलँड सिक्युरिटी, म्हणजे अंतर्गत सुरक्षा खात्याकडे, बहुतेक इमिग्रेशनच्या फाइलींसाठी. पत्रकारांपेक्षा सामान्य माणसंच इथे जास्त रांगेत आहेत, आपले मराठी लोकही आहेत. ग्रीन कार्डची सुनावणी तोंडावर आणि सरकारने आपल्या फाईलमध्ये काय लिहून ठेवलंय याचा पत्ता नाही, अशा कुटुंबांबरोबर मी रात्री जागवल्या आहेत. तिथे दिलासा मिळाला तो कोर्टातून: डिसेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायाधीशांनी या फाइली मुदतीत द्याच असा आदेश दिला. त्यानंतर फाइली खरोखर वेगाने येऊ लागल्या.

ताई, तुमच्या अर्जासाठी आता थोडं कामाचं. एफडीएचा निरीक्षक तपासणी संपवताना ज्या कागदावर त्रुटी लिहून देतो त्याला 'फॉर्म ४८३' म्हणतात. काही फॉर्म एफडीएच्या संकेतस्थळावरच्या वाचनकक्षात आधीच टाकलेले असतात. आधी तिथे शोधा, कधी कधी अर्जाची गरजच उरत नाही. नसेल तर कारखान्याचं नाव, पत्ता आणि तपासणीचा महिना लिहून एकच फॉर्म मागा, आणि कारखान्याने दिलेलं उत्तर वेगळ्या अर्जाने मागा. 'गेल्या दहा वर्षांचे सर्व अहवाल' असं लिहिलंत तर अर्ज गुंतागुंतीच्या रांगेत जाईल आणि तिथून दुसऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या काळात बाहेर पडेल. पत्रकार म्हणून अर्ज करा. तसं मान्य झालं तर शोधण्याचा खर्च लागत नाही. तसं नसेल तरी साधारण अर्जदाराला शोधाचे पहिले दोन तास आणि पहिली शंभर पानं फुकट असतात.

तुम्हाला काळ्या पट्ट्या मिळतील त्या बहुधा चौथ्या अपवादाच्या, व्यापारी गुपिताच्या. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा अपवाद आणखी रुंद केला, त्यामुळे औषधाचं नावही झाकलेलं येऊ शकतं. अपील जरूर करा, किमान ९० दिवस मिळतात. अपिलात 'मला ही माहिती हवी आहे' एवढंच लिहू नका. ही ओळ उघडली तर कुणाचं, नेमकं कोणतं नुकसान होईल ते लिहून द्या, असं २०१६ च्या दुरुस्तीचा हवाला देऊन विचारा. आणि त्याच औषधाचं नाव कंपनीने स्वतः कुठे जाहीर केलं असेल तर त्याची प्रत जोडा. जाहीर झालेली गोष्ट गुपित म्हणून रोखणं खात्याला जड जातं.

शेवटचं, आणि हे विसरू नका. वर्ष-दीड वर्षाने एक ईमेल येईल: 'तुम्हाला अजून ही माहिती हवी आहे का? ठराविक दिवसांत उत्तर न दिल्यास अर्ज बंद करू.' तो बहुतेक वेळा नको असलेल्या मेलच्या कप्प्यात पडतो. माझे दोन अर्ज असेच बंद झाले. अर्ज क्रमांक वहीत लिहून ठेवा, दर महिन्याला तो कप्पा उघडून बघा, आणि मेल आला की त्याच दिवशी कळवा की हो, हवी आहे.